न वापरलेल्या विजेचे मोजमाप : सातारा-सांगलीच्या संदर्भात मागणी प्रतिसाद करार आणि क्षमतेची व्याख्या

वीजवितरणात 'मागणी प्रतिसाद' या नावाने ओळखला जाणारा करार हा न वापरलेल्या विजेचा करार असतो. वितरण कंपनीवर मागणीचा ताण आला किंवा बाजारातील वीज परवडेनाशी झाली, की ठरलेली सूचना मिळताच ग्राहकाने आपला भार ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या वेळेपुरता उतरवायचा, आणि त्याबद्दल त्याला रोख मोबदला किंवा देयकात सवलत मिळायची, असे त्याचे स्वरूप असते. विकलेली वीज मीटरवर उमटते आणि वाद झाला तर मीटर तपासून घेता येतो. न वापरलेल्या विजेची नोंद मात्र कोणत्याच मीटरवर होत नाही, ती केवळ दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढावी लागते, आणि त्यांपैकी एक आकडा, म्हणजे सूचना आली नसती तर ग्राहकाने किती वीज वापरली असती हा, नेहमीच अनुमानाचा असतो. म्हणूनच 'या ग्राहकाची क्षमता ३०० किलोवॅट' हे वाक्य लिहायला सोपे असले तरी करार म्हणून ते अपुरे ठरते, आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कारखाने, शीतगृहे व उपसा सिंचन योजना यांच्या वीजवापराचे लेखापरीक्षण करणाऱ्या अभियंत्याला असा मसुदा हाती घेताच पहिला प्रश्न पडतो तो दराचा नसून क्षमता या एका शब्दाचा असतो.

भार कमी करणे ही या भागाला नवी गोष्ट नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन २००५ साली महावितरण ही स्वतंत्र कंपनी झाली, त्या सुमारास राज्यात भारनियमनाचा काळ सुरू होता. गावोगावी दिवसातले कित्येक तास वीज नसे, औद्योगिक वसाहतींना आठवड्याची सुट्टी ठरवून दिलेल्या वारी घ्यावी लागे, म्हणजे सर्व वसाहती एकाच दिवशी चालू राहू नयेत अशी वाटणी केलेली असे, आणि ज्यांना ही बंधने नको असत अशा अखंड प्रक्रियेच्या उद्योगांना स्वतंत्र वाहिनीवरून पुरवठा घेऊन चढा दर मोजावा लागे. कृषिपंपांना तर तीन फेजचा पुरवठा आजही अनेक ठिकाणी ठरावीक तासच मिळतो आणि तोही आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री; त्यामुळे थंडीच्या रात्री उसाला दारं धरायला जाणारा शेतकरी हा खरे पाहता राज्याच्या संध्याकाळच्या मागणीला उतार देणारा सर्वांत जुना घटक आहे, पण त्याच्या या वाट्याला कधी क्षमता म्हटले गेले नाही आणि त्याचा मोबदला ठरवण्याचा प्रसंगही आला नाही.

सक्तीच्या कपातीकडून संमतीच्या कपातीकडे जाण्याचा राज्यातील एक लक्षणीय प्रयत्न २००६ साली पुण्यात झाला. शहरातील उद्योगांनी मागणीच्या ऐन वेळी स्वतःचे जनित्र संच चालवून ग्रिडवरचा आपला भार उतरवावा, त्यातून मोकळी झालेली वीज शहराला द्यावी आणि डिझेलवरील जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून विश्वासार्हता आकाराच्या रूपाने भरून घ्यावा, अशी ती योजना होती आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली होती. आयोगाने मागणी व्यवस्थापनाचे पहिले विनियम २०१० साली केले, मुंबईत टाटा पॉवरने मोठ्या ग्राहकांसाठी मागणी प्रतिसादाचा कार्यक्रम राबवला, आणि २०२४ च्या विनियमांत तर मागणीची लवचिकता हे वितरण कंपन्यांचे बंधनकारक उद्दिष्ट म्हणूनच मांडले गेले. ग्राहकांशी करार करण्याचे हे काम आता हौसेचे न राहता कर्तव्याचे झाले आहे, आणि कर्तव्याला मोजमाप लागते.

प्रचलित वीजव्यवहारात क्षमतेशी नाते सांगणाऱ्या संज्ञांची उणीव नाही. आवारातील सर्व यंत्रांच्या अंकित शक्तीची बेरीज म्हणजे जोडभार; त्यापैकी वितरण कंपनीने मान्य केलेला भाग म्हणजे मंजूर भार; एका वेळी जास्तीत जास्त किती मागणी करता येईल याविषयी कंपनी व ग्राहक यांच्यात लेखी ठरलेला आकडा म्हणजे करार मागणी, जिला कारखान्यांत सर्रास 'कॉन्ट्रॅक्ट डिमांड' म्हणतात; आणि महिन्याभरातील कोणत्याही अर्ध्या तासात झालेल्या सर्वाधिक वापराची दुप्पट म्हणजे अधिकतम मागणी. उच्चदाब ग्राहकाचा मागणी आकार जिच्यावर लागतो ती देयक मागणी मात्र आणखी वेगळी असते, कारण बराच काळ चालत आलेल्या पद्धतीनुसार सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील प्रत्यक्ष सर्वाधिक मागणी, मागील ११ महिन्यांतील सर्वोच्च देयक मागणीचा ७५ टक्के भाग आणि करार मागणीचा ठरावीक टक्के भाग, या तिन्हींमध्ये जो आकडा मोठा असेल तो तिच्यासाठी धरला जातो. या सर्व संज्ञांचा रोख एकाच दिशेला आहे : ग्राहक किती वर जाऊ शकतो. मागणी प्रतिसादाला हवे असते ते उलट्या दिशेचे माप, म्हणजे तो किती खाली येऊ शकतो आणि तिथे किती वेळ टिकू शकतो. ते या संज्ञांपैकी एकीतही सापडत नाही. करार मागणी १००० केव्हीए असणारा कारखाना संध्याकाळी ७ वाजता ४०० केव्हीएवर चालत असेल, तर त्याच्या हजारांपैकी सहाशे ही मुळात अस्तित्वातच नसलेली मागणी असते, आणि करार मागणीच्या टक्केवारीवर कपात ठरवणारा मसुदा नेमकी तीच विकत घेऊन बसतो.

क्षमता या कल्पनेचे दोन पदर नीट दिसावेत यासाठी या भागातील अभियंत्याला फार लांब जावे लागत नाही. पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट आहे आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा प्रत्येकी २५० मेगावॅटच्या चार संचांच्या चौथ्या टप्प्याचा आहे. तरीही हे संच वर्षभर अहोरात्र चालवता येत नाहीत, कारण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. म्हणून कोयनेची खरी किंमत ती किती युनिट देते यापेक्षा मागणीच्या शिखरावर ती किती लवकर आणि किती विश्वासाने उभी राहते यात आहे. मेगावॅट म्हणजे त्या क्षणाची शक्ती, युनिट म्हणजे काळात साठत गेलेली ऊर्जा, आणि या दोहोंना जोडणारी वेळेची व पाण्याची मर्यादा, असा तिपेडी विचार केल्याशिवाय कोयनेची क्षमता सांगता येत नाही. ग्राहकाच्या कपातीची क्षमतादेखील याच शिस्तीने सांगितली पाहिजे, कारण शिखर मागणीच्या वेळी कोयनेचा एक संच चालू करण्याऐवजी ज्या कपातीवर विसंबायचे ती तितकीच भरवशाची असली तरच तिला क्षमता म्हणणे सार्थ ठरेल.

व्याख्येतील पहिला मोठा निर्णय 'इतक्यावर येणे' आणि 'इतक्याने उतरणे' यांच्यातील निवडीचा असतो. अमेरिकेच्या पूर्व भागातील अनेक राज्यांचे ग्रिड सांभाळणाऱ्या पीजेएम या संस्थेच्या क्षमता बाजारात हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे मान्य झाले आहेत : एकात ग्राहक सूचना मिळाल्यावर आपला भार ठरावीक पातळीच्या खाली आणण्याचे वचन देतो, दुसऱ्यात तो एरवीच्या वापराच्या तुलनेत ठरावीक किलोवॅट कमी करण्याचे वचन देतो. समजा, एखाद्या फाउंड्रीचा संध्याकाळचा नेहमीचा भार ८०० किलोवॅट आहे; '५०० वर येणे' आणि '३०० ने उतरणे' या वचनांचा अर्थ त्या दिवशी एकच होतो. पण ज्या दिवशी भट्टीचे अस्तर बदलायचे असल्यामुळे भार मुळातच ४५० आहे, त्या दिवशी पहिले वचन काहीही न करता पाळले जाते आणि दुसरे पाळायला कारखाना १५० वर आणावा लागतो, म्हणजे दिवे, पंप आणि कॉम्प्रेसरसुद्धा बंद करावे लागतात. पहिल्या प्रकारात तपासणी सोपी, कारण मीटरचा एकच आकडा पुरतो, पण वितरण कंपनीला त्या दिवशी नवे काही मिळेल याची हमी नसते. दुसऱ्यात मिळणाऱ्या कपातीची हमी अधिक, पण सगळा भार अनुमानाच्या आकड्यावर येऊन पडतो. ज्यांचा वापर दिवसेंदिवस सारखा असतो अशा शीतगृहांना किंवा दूध प्रक्रिया केंद्रांना पहिला प्रकार मानवतो आणि मागणीनुसार ओतकाम करणाऱ्यांना दुसरा; एकच साचा सर्वांना लावला तर व्याख्या कागदावर नीटनेटकी दिसते आणि कारखान्यात निरुपयोगी ठरते.

अनुमानाच्या त्या आकड्याला आधाररेषा म्हणतात आणि ती ठरवण्याच्या अनेक रीती प्रचारात आहेत. कॅलिफोर्नियात मागील दहा समान दिवसांची सरासरी घेऊन तिला त्या दिवशीच्या सकाळच्या वापरानुसार मर्यादित दुरुस्ती देण्याची रीत आहे, तर पीजेएममध्ये अलीकडच्या पाच दिवसांतील सर्वाधिक वापराचे चार दिवस धरण्याची. या रीती सातारा किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आणायच्या झाल्यास 'समान दिवस' म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. कारण येथे साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही, गणपती, दसरा आणि दिवाळीच्या आगेमागे पाळ्यांचे गणित बदलते, आणि गावच्या यात्रेच्या दिवशी अर्धे कामगार रजेवर असल्याने कारखाना चालू असूनही अर्ध्या भाराने चालतो. यांपैकी एखादा दिवस आधाररेषेत शिरला तर ग्राहकाचे नुकसान होते आणि मुद्दाम वगळला गेला तर कंपनीचे. म्हणून वगळायच्या दिवसांची यादी ही परिशिष्टातली किरकोळ बाब न मानता व्याख्येचाच भाग मानावी लागते.

साखर कारखान्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण त्यांच्याकडे सहवीजनिर्मितीचे स्वतःचे टर्बाइन असते. गाळप हंगामात कारखाना बगॅस जाळून तयार केलेली वीज स्वतः वापरून उरलेली ग्रिडला देतो, हंगाम संपला की देखभालीसाठी ग्रिडमधून वीज घेतो, आणि त्यामुळे त्याच्या मीटरवरील आकडा वर्षातून दोनदा आपली दिशाच बदलतो. अशा ग्राहकाने आधाररेषेच्या दिवसांत आपले टर्बाइन हळू चालवले तर त्याची ग्रिडवरील मागणी फुगते आणि नंतर टर्बाइन नेहमीप्रमाणे चालवूनच त्याने कपात केली असे दिसते. ही शंका काल्पनिक नाही; अमेरिकेतील मेन राज्यातील कागद गिरण्यांनी नेमके असेच केल्याचा ठपका तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१२ साली ठेवला होता. त्यावरून घ्यायचा धडा असा, की स्वतःची निर्मिती असलेल्या ग्राहकासाठी एकूण वापर, स्वनिर्मिती आणि ग्रिडवरील निव्वळ मागणी हे तीन आकडे वेगळ्या मीटरवर नोंदले गेले पाहिजेत, आणि ग्रिडला विकण्याच्या करारात जी वीज आधीच मोजली गेली आहे ती कपातीच्या करारात दुसऱ्यांदा मोजली जाऊ नये.

आधाररेषेइतकीच वेळेची कलमे महत्त्वाची असतात, आणि ती कार्यालयात बसून लिहिता येत नाहीत हे फाउंड्रीत गेल्यावरच कळते. इंडक्शन भट्टीत धातू वितळत असताना वीज उतरवली तर तो धातू तिथेच गोठू लागतो, अस्तराला धक्का बसतो आणि तयार झालेली हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, वाया जाते. पण एक हीट ओतून झाल्यावर पुढची भरण्यापूर्वीचा काळ मात्र मोकळा असतो. म्हणजे पाऊण तास आधी सूचना मिळाली तर त्याच भट्टीची पूर्ण शक्ती सोडता येते, दहा मिनिटे आधी मिळाली तर जवळजवळ काहीच सोडता येत नाही. एकाच यंत्राची क्षमता पूर्वसूचनेच्या अवधीप्रमाणे इतकी बदलत असेल, तर अवधी न सांगता दिलेला किलोवॅटचा आकडा अर्थहीन ठरतो. तेच कपातीच्या लांबीविषयी आणि महिन्यातील तिच्या संख्येविषयी खरे आहे. एका संध्याकाळी दोन तास थांबणे पाळी थोडी पुढे ढकलून साधते, पण सलग चार दिवस तेच केले तर कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकाला दिलेली सुटे भाग पोचवण्याची तारीख चुकते, आणि ते नुकसान विजेच्या मोबदल्यातून भरून निघत नाही.

मोजण्याच्या एककाबाबतही अशीच दक्षता हवी. उच्चदाब ग्राहकांचे देयक एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर निघते आणि करार मागणी केव्हीएमध्ये असते, परंतु वितरण कंपनीला शिखरावर बाहेरून विकत घ्यावी लागते ती किलोवॅटमधील शक्ती होय. कपात केव्हीएमध्ये मोजली तर काही कपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर सुधारल्यानेही ती झालेली दिसेल, आणि एकही यंत्र थांबले नसताना मोबदला द्यावा लागेल. त्याचप्रमाणे अधिकतम मागणी अर्ध्या तासाच्या गटात मोजली जाते, तर ग्रिडचे वेळापत्रक १५ मिनिटांच्या गटांवर, दिवसाला ९६ गट याप्रमाणे, चालते; अर्ध्या तासाच्या सरासरीत पहिल्या पंधरा मिनिटांची चूक दुसऱ्या पंधरा मिनिटांच्या कपातीने झाकली जाते, म्हणून कपातीची नोंद किलोवॅटमध्ये आणि १५ मिनिटांच्या गटाने व्हावी, हे करारात स्पष्ट लिहावे लागते.

शीतगृहांचा प्रश्न याहून निराळा आहे आणि तो कपात संपल्यानंतरच्या काळाचा आहे. तासगाव, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत तयार होणारा बेदाणा शीतगृहांत साठवला जातो; खोलीत साठलेला गारवा काही काळ टिकत असल्यामुळे तेथील अमोनिया कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवता येतात आणि त्या दृष्टीने शीतगृह हा कपातीसाठी उत्तम ग्राहक ठरतो. परंतु कमी झालेला गारवा नंतर भरून काढावाच लागतो, आणि कपात संपताच सर्व कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले तर मागणी नेहमीपेक्षा वर उसळते. ती उसळी रात्री १० नंतर आली तर देयक मागणीच्या जुन्या पद्धतीनुसार धोका नसतो, पण ८ वाजता आली तर वितरण कंपनीचे शिखर केवळ पुढे सरकते. शिवाय ग्राहकाची त्या महिन्याची देयक मागणी वाढून तो आकडा पुढील ११ महिन्यांच्या हिशेबात येऊ शकतो, आणि करार मागणी ओलांडली गेलीच तर जादा मागणीवर दीडपट आकार बसतो. कंपनीच्या सांगण्यावरून थांबलेल्या ग्राहकाला पुन्हा सुरू झाल्याबद्दल वर्षभर किंमत मोजावी लागणे हे न्यायाला धरून नाही. म्हणून भार टप्प्याटप्प्याने परत घेण्याचा क्रम आणि तो पाळल्यास त्या काळातील उसळी देयक मागणीतून वगळण्याची तरतूद, ही दोन्ही क्षमतेच्या व्याख्येला जोडूनच यायला हवीत.

या सर्वांत मोठी शक्यता आणि सर्वांत मोठी जबाबदारी उपसा सिंचन योजनांमध्ये आहे. कराड तालुक्यातील टेंभू येथे आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून ते अनेक टप्प्यांनी दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढवले जाते, आणि त्यासाठी लागणारी वीज एखाद्या औद्योगिक वसाहतीलाही मागे टाकील इतकी असते. हे पंप दोन तास थांबले तर केवढा भार उतरेल हे कागदावर सहज दिसते. पण टप्पे एकामागोमाग एक असल्यामुळे खालचा टप्पा थांबवताना वरचा क्रमाने थांबवावा लागतो, पुन्हा सुरू करताना कालवा भरेपर्यंत वेळ जातो, आणि दोन तासांच्या कपातीची किंमत टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला त्याहून कितीतरी अधिक तासांच्या पाण्याने चुकवावी लागते. शिवाय ही क्षमता आवर्तन चालू असेल तेव्हाच असते. आवर्तन नसताना ती शून्य आणि उन्हाळ्याच्या आवर्तनात सर्वाधिक, म्हणजे वितरण कंपनीला जेव्हा ती सर्वांत मोलाची वाटेल तेव्हाच शेतकऱ्यालाही पाणी सर्वांत मोलाचे असेल. या योजनांच्या वीजदेयकाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलावा असे ठरलेले आहे. मग कपातीचा मोबदला देयक भरणाऱ्या यंत्रणेच्या खात्यात जमा होऊन, तोटा मात्र ज्याची बारी हुकली त्याच्या रानात राहिला, तर असा करार कायद्याने निर्दोष असूनही अन्यायाचा ठरेल. येथे क्षमता महिन्यावार सांगणे, ती पाणीवाटपाचे वेळापत्रक ठरवतानाच निश्चित करणे आणि मोबदला पाणीपट्टीतील सवलतीच्या रूपाने लाभधारकांपर्यंत पोचवणे, एवढे तरी केल्याशिवाय ती कोणाच्या वतीने कोणी विकू नये.

या विविध ग्राहकांच्या अनुभवातून व्याख्येचा जो आकार हाती येतो तो एका आकड्याचा नसून एका पूर्ण विधानाचा आहे. अमुक मीटरवर, अमुक महिन्यांत, अमुक वेळेच्या दरम्यान, इतक्या अवधीची सूचना मिळाल्यास, अमुक रीतीने काढलेल्या आधाररेषेपेक्षा इतके किलोवॅट, सलग इतका वेळ आणि महिन्यातून जास्तीत जास्त इतक्या वेळा कमी करण्याची व त्यानंतर अमुक क्रमाने भार परत घेण्याची तयारी म्हणजे या ग्राहकाची क्षमता, असे लिहिले गेले पाहिजे. यातील एकही अंग गाळले तर गाळलेल्या जागी पुढे वाद उभा राहतो, आणि तो वाद सोडवताना ज्याच्याकडे वकील व मोजमापाची साधने अधिक तोच जिंकतो. ग्राहकाने दंडाच्या भीतीने क्षमता कमी सांगू नये आणि मोबदल्याच्या मोहाने जास्त सांगू नये, यासाठी करारापूर्वी एक चाचणी कपात घेऊन तिच्यावरून आकडा ठरवणे आणि पहिल्या हंगामानंतर तो बदलण्याची मुभा ठेवणे हाही व्याख्येचाच व्यावहारिक भाग मानला पाहिजे.

हे विधान पूर्ण करणारी माहिती वितरण कंपनीच्या विभागीय कार्यालयात किंवा कारखान्याच्या लेखा विभागात नसते. ती भट्टी चालवणाऱ्याला, शीतगृहाच्या ऑपरेटरला, पंपगृहातील कर्मचाऱ्याला आणि टेलच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. ज्या भागाने अनेक वर्षे विचारल्याशिवाय लादलेली कपात सोसली, त्या भागात संमतीचा करार आणताना ही माणसे मसुदा पूर्ण झाल्यावर माहिती देण्यापुरती बोलावली जाऊ नयेत, त्यांच्या सांगण्यावरूनच मसुदा सुरू व्हावा. कारण क्षमतेची व्याख्या अचूक असण्याचा अर्थ अखेरीस एवढाच, की ज्याने थांबायचे आहे त्याला आपण केव्हा, किती आणि कशाच्या बदल्यात थांबणार आहोत हे सही करण्यापूर्वी नेमके कळलेले असावे.